नर्सी–औंढा–वसमत–हिंगोली–नर्सी

हिंगोलीत कुणालाही काहीही विचारा, ‘मला माहीत नाही’ हे उत्तर सहसा मिळायचं नाही. ज्याला ठाऊक असतं तो थोडक्यात सांगतो, ज्याला ठाऊक नसतं तो सविस्तर सांगतो, एवढाच फरक. काहीजण तर चार पावलं सोबत येतात, आपल्याला कोपऱ्यावर सोडतात आणि मग शेजारच्या पानटपरीवर चौकशी करतात, “हे जायलेत ते ठिकाण नेमकं कुठं हाय हो?” मदतीची हौस दांडगी, माहिती बेताची. आणि सांगण्याचं शेवटचं कलम ठरलेलं: “सरळ जा, पुढं कुणालाही विचारा.”

अशा मुलखात मी सगळी नोकरी बारनिशीत काढली. बारनिशी म्हणजे आवक-जावक. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, तारीख घालायची, क्रमांक द्यायचा, तो कुणाकडून आला ते रजिस्टरात लिहायचं आणि योग्य त्या टेबलाकडं सोडून द्यायचा. कागदात काय लिहिलंय याच्याशी बारनिशीला कर्तव्य नाही. साहेबलोकांना हे काम हलकं वाटतं, त्यामुळं एखाद्याची खोड जिरवायची असली की त्याला तिथं बसवतात. मला तिथंच कायम ठेवलं. त्यात शिक्षा किती आणि कुणाची सोय किती, हे आस्थापना शाखेलाच माहीत. कार्यालयाचं नाव सांगत नाही. निवृत्तिवेतन चालू आहे.

माझा भाचा पुण्याला नेटवर्क इंजिनिअर आहे. आमच्या नात्यागोत्यात या पदवीचा अर्थ असा लावतात की तो टीव्हीचा रिमोट दुरुस्त करतो, वायफायचा पासवर्ड काढून देतो आणि मामीच्या मोबाइलमधले सुप्रभाताचे फोटो पुसून जागा करून देतो. तो यावेळी हिंगोलीला आला तो मात्र खऱ्या कामासाठी. इकडच्या दोन संस्थांचं एकत्रीकरण झालं होतं. दोघींचीही नावं गुलदस्त्यातच राहू देत. संस्था एक झाल्या, फलक एक झाला, संचालकांचे फोटो एका भिंतीवर आले. राहता राहिली दोघींची संगणकाची जाळी, ती काही एकमेकींशी बोलेनात. एकीच्या जाळ्यात आरआयपी चालत होतं, दुसरीच्या ओएसपीएफ. या दोन भाषा नव्हेत, दोन स्वभाव आहेत, आणि गोष्ट कळायची तर आधी ते सांगायला हवेत.

आरआयपी हा जुना प्रोटोकॉल. कागदावर रीतसर आला 1988 साली, वापरात त्याच्या आधीपासून. याचा राउटर, म्हणजे वाट दाखवणारं यंत्र, दर 30 सेकंदांनी आपल्याला जे जे माहीत आहे ते सगळं शेजाऱ्याला सांगतो. मागच्या 30 सेकंदांत काही बदललं नसलं तरी सांगतो. शेजारी ते ऐकतो, अंतरात एक मिळवतो आणि आपल्या शेजाऱ्याला सांगतो. गाव कुणीच पाहिलेलं नसतं. ‘अमका म्हणाला की त्याच्यापासून तीन टप्पे, म्हणजे माझ्यापासून चार’, एवढ्यावर कारभार. आणि याची मोजायची मजल 15 पर्यंत. 16 म्हणजे अनंत.

“16 म्हणजे अनंत?” मी विचारलं.

“हो मामा. 16 आकडा आला की तिथं पोचताच येत नाही असं समजायचं.”

मला नवल वाटलं नाही. आमच्या कार्यालयात अनंत पाचव्या टेबलालाच सुरू व्हायचं.

ओएसपीएफ हा त्यानंतरचा, 1989 चा. हा शेजाऱ्याच्या अंदाजावर जगत नाही. प्रत्येक राउटर आपल्या दारात काय आहे तेवढंच सगळ्यांना कळवतो, त्यातून सगळ्यांजवळ एकसारखा नकाशा तयार होतो आणि जवळची वाट ज्याची त्यानं काढायची. वाट काढायची रीत एड्सगर डिक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञाची. 1956 साली तो होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेला होता, दमून कॉफी प्यायला बसला आणि तिथं वीसेक मिनिटांत त्याला ही रीत सुचली, असं त्यानंच पुढं सांगितलं आहे. बायकोबरोबर खरेदीला गेलेल्या पुरुषाला घरची सगळ्यात जवळची वाट सुचावी, यात मला तरी फार मोठी प्रतिभा दिसत नाही; पण जग आजही त्याच रीतीवर चाललंय.

आपापल्या घरात दोन्ही प्रोटोकॉल बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागतात. तंटा सुरू होतो उंबऱ्यावर. दोन्हींकडं कान असलेला एक राउटर मध्ये बसवायचा आणि त्याला सांगायचं की इकडच्या वाटा तिकडं सांग, तिकडच्या इकडं. याला रीडिस्ट्रिब्यूशन म्हणतात. असा राउटर एकच असला तर फारसं बिघडत नाही. पण एक तुटला तर? आणि आमच्याकडं तो तुटणारच, कारण रस्ता रुंदीकरण कायमचं आणि जेसीबीवाल्याला जमिनीखालची केबल दिसत नाही. दिसली तरी ती कुणाचीतरी जुनी पाइपलाइन वाटते. म्हणून भाच्याच्या आधी जो कंत्राटदार येऊन गेला त्यानं असे दोन राउटर बसवले, एक हिंगोलीत, एक औंढ्यात. एक पडला तर दुसरा आहे. विचार चांगला होता. तिथूनच सगळं सुरू झालं.

सेनगावच्या शाखेत पैसे भरायला गेलेल्या माणसाला कॅशियर सांगायचा, “नेट नाही.” हिंगोलीत विचारलं तर नेट आहे. औंढ्यात आहे, वसमतला आहे, नर्सीला आहे. प्रत्येक राउटरवर हिरवे दिवे, प्रत्येकजण शेजाऱ्याच्या हाकेला ओ देतोय. सगळे धडधाकट, सगळे कामावर हजर आणि काम मात्र होत नाही. असं चित्र मी पूर्वी कुठं पाहिलं होतं ते मला लगेच आठवलं, पण भाच्याचं बोलणं आधी पुरं होऊ दिलं.

त्यानं लॅपटॉपवर एक आज्ञा टाइप केली आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. पहिली ओळ नर्सी. दुसरी औंढा. तिसरी वसमत. चौथी हिंगोली. पाचवी पुन्हा नर्सी. सहावी औंढा. मी चष्मा पुसला. सातवी वसमत, आठवी हिंगोली, नववी नर्सी… असं करत करत तिसाव्या ओळीला यंत्रानंच नाद सोडला. सेनगावचं नाव कुठंच नाही.

“माहितीचं पॅकेट फिरतंय मामा,” भाचा म्हणाला. “राउटिंग लूप.”

नर्सी ते औंढा ही वाट आमच्या जिल्ह्यात साधी नाही. नर्सी हे नामदेवांचं गाव. औंढ्यात त्यांना विसोबा खेचर भेटले ते पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, आणि ‘जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव’ म्हणाले. पाय जिथं ठेवावेत तिथं पिंड उभी. भाच्याच्या पॅकेटची तऱ्हा नेमकी उलटी: कुठंही ठेवलं तरी सेनगाव म्हणून नाही. त्याच औंढ्याची दुसरी कथा अशी की नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणानं स्वतःच वाट बदलून यायची सोय आमच्याकडं सातशे वर्षांपूर्वी होती. प्रोटोकॉलवाल्यांना ती अजून जमलेली नाही.

आता हे झालं कसं? सेनगाव आरआयपीच्या घरातलं. नर्सीच्या राउटरपासून खरं अंतर चार टप्पे, कारण संस्थेचं जाळं नियोजनानं वाढलेलं नव्हतं, शाखा निघेल तसतसं वाढलं होतं. नर्सीनं ही वाट हिंगोलीला सांगितली, हिंगोलीनं ती ओएसपीएफच्या घरात सांगितली: ‘सेनगावला जायचंय? माझ्याकडून.’ ही बातमी वसमतमार्गे औंढ्याला पोचली. औंढ्याला सेनगावची वाट आरआयपीकडूनही ठाऊक होतीच. एकाच गावाच्या दोन वाटा, दोन तोंडांनी ऐकलेल्या. विश्वास कुणावर ठेवायचा?

त्यासाठी राउटरजवळ मानपानाची यादी असते. सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये ती अशी: स्वतःच्या अंगाला चिकटलेलं जाळं असलं तर 0, माणसानं हातानं लिहून ठेवलेली वाट 1, ओएसपीएफ 110, आरआयपी 120. आकडा जितका लहान तितका मान मोठा. 255 म्हणजे ज्याच्यावर कधीच विश्वास ठेवायचा नाही असा. बातमी खरी किती, ताजी किती, सांगणारा त्या गावाच्या जवळ राहतो की लांब, हे यादी विचारत नाही. कुणाच्या घराण्यातून आली एवढंच बघते. औंढ्यानं यादी पाहिली, 110 ला पाट मांडला, 120 ला दारात उभं केलं आणि सेनगावची जवळची वाट सोडून वसमत-हिंगोलीची धरली.

इथपर्यंत नुसता वळसा होता. पण औंढ्याला इकडचं तिकडं सांगायचंही काम दिलेलं. त्यानं आरआयपीच्या घरात जाहीर केलं, ‘सेनगाव? माझ्याकडून एकच टप्पा!’ हा एक कुठून आला? तर दुसऱ्या घरातली वाट आपल्या घरात आणताना अंतराचा काहीतरी आकडा (सीड मेट्रिक) द्यावा लागतो, कारण दोन घरांची मापं वेगळी. कंत्राटदारानं 1 टाकला होता. का, तर शुभ. नर्सीनं हिशेब केला: माझ्यापासून खरं अंतर चार, औंढ्यामार्गे दोन. चला औंढ्याला. नर्सी औंढ्याकडं पाठवतो, औंढा वसमतकडं, वसमत हिंगोलीकडं आणि हिंगोली पुन्हा नर्सीकडं, कारण मुळात त्याला ही वाट नर्सीनंच सांगितलेली.

“यात चूक कुणाची?” भाचा म्हणाला. “प्रत्येक राउटर नियमानं वागतोय.”

मग मी त्याला आमच्याकडचं प्रकरण सांगितलं.

दोन कार्यालयं समोरासमोर होती, एक महसुलाचं आणि एक पंचायतीचं. गावपातळीवरही हीच जोडी: तलाठी महसुलाचा, ग्रामसेवक पंचायतीचा. (दोघांचीही पदनावं आता बदलली आहेत. माणसं जुनीच नावं घेतात.) महसुलाचे गाव नमुने 1 ते 21, ग्रामपंचायतीचे नमुने 1 ते 33. यातली गंमत आठव्या आकड्यात आहे. तलाठ्याकडं गाव नमुना 8-अ, तो जमिनीचा खातेउतारा. ग्रामपंचायतीकडं नमुना 8, तो घरांच्या कर आकारणीचा. ‘आठचा उतारा पाहिजे’ असं म्हणणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात कुठंही पाठवता येतं आणि पाठवणारा नियमबाह्य ठरत नाही.

एका म्हाताऱ्या गृहस्थांना आपल्या घराची जुनी आकारणीची नोंद हवी होती. हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, वर सुतळी. ती नोंदवही पंचायतीच्या कार्यालयात एका कपाटावर होती आणि तिथल्या एका लिपिकाला ती नेमकी कुठं आहे ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं ते बाहेर लिंबाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाला सांगितलं. अर्जनवीसानं समोरच्या महसुलात सांगून ठेवलं, “पंचायतीची जुनी नोंद कुणी विचारली तर माझ्याकडं धाडा.” दोन्ही कार्यालयांत चहा पोचवणारा एक गडी होता. त्याला ते कपाट त्या लिपिकाकडूनच माहीत होतं. पण एकदा महसुलातला अव्वल कारकून त्याच्यासमोर म्हणाला, “ते अर्जनवीसाला विचारायचं असतं.” चहावाल्यानं दोन्ही बातम्या तोलल्या. पंचायतीत साधा चहा जायचा, उधार. महसुलात स्पेशल जायचा, वर बिस्किटं. महसूल म्हणतं तेच खरं असणार. त्यानं पंचायतीत येऊन सांगितलं, “त्या जुन्या नोंदीचं ना? माझ्याकडं धाडा, एका मिनटात मार्गी लावतो.”

लिपिकाला स्वतः ते काम करायचं तर स्टूल शोधायचं, त्याचा तुटका पाय भिंतीला टेकवायचा, वर चढायचं, धूळ खायची. चहावाला म्हणतोय एक मिनिट. लिपिकानं म्हाताऱ्यांना चहावाल्याकडं पाठवलं. चहावाल्यानं महसुलात पाठवलं, महसुलानं अर्जनवीसाकडं, आणि अर्जनवीसानं मोठ्या खात्रीनं लिपिकाकडं: “त्यांनाच सगळं माहीत हाय बघा.”

सगळ्यांनी आदरानं सांगितलं, कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी खोटं बोललं नाही. मी खिडकीतून ही वारी बघत होतो. तिसऱ्या चकरेला म्हातारे माझ्या टेबलाशी टेकले. “सायेब, म्या सकाळधरनं हिंडायलोय. समदे लई चांगले हायती. निस्तं काम होईना.”

भाचा हसला नाही. वहीत त्यानं चार गोल काढले, त्यांच्यावर लिपिक, चहावाला, महसूल, अर्जनवीस अशी नावं घातली, बाजूला नर्सी, औंढा, वसमत, हिंगोली लिहिली आणि बराच वेळ त्या पानाकडं बघत बसला. “चहावाल्याचं एक मिनिट म्हणजे सीड मेट्रिक,” एवढंच म्हणाला.

म्हाताऱ्यांचे हेलपाटे संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर थांबले. पॅकेटलाही अशी सोय आहे, तिला टीटीएल म्हणतात. प्रत्येक पॅकेट निघतानाच कपाळावर आयुष्य लिहून घेऊन निघतं. लिनक्सवरून निघालेलं बहुधा 64 टप्प्यांचं, विंडोजवरून निघालेलं 128 टप्प्यांचं, आणि 255 च्या वर कुणालाच मिळत नाही, कारण त्या रकान्यात त्याहून मोठा आकडा मावत नाही. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की जो राउटर समोर असेल तो पॅकेटला मूठमाती देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो की तुमचं पॅकेट आमच्या हद्दीत वारलं. चौऱ्याऐंशी लक्ष फेऱ्यांचा धाक आपल्याला दाखवतात; इंटरनेट बांधणाऱ्यांनी तो कमाल 255 वर आणून ठेवला, ही सुधारणाच म्हणायची. नाहीतर सेनगावच्या पहिल्या दिवसाची पॅकेटं आजही नर्सीहून औंढ्याला चाललेली असती.

आणि त्या स्क्रीनवरची नावं दिसली कशी, ते ऐकून तर मी थक्क झालो. व्हॅन जेकबसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1980 च्या दशकाच्या शेवटी ही ट्रेसराउटची युक्ती काढली. मुद्दाम एकाच टप्प्याचं आयुष्य देऊन पॅकेट सोडायचं. ते पहिल्या दारात मरतं, तिथून मृत्यूची वर्दी येते. मग दोन टप्प्यांचं, मग तीन. आलेल्या वर्द्या ओळीनं लावल्या की वाट दिसते. शोकपत्रांवरून रस्त्याचा नकाशा! हा माणूस आपल्या पोलिसपाटलांच्या तोडीचा.

भाच्याच्या वरिष्ठांनी फोनवर उपाय सुचवला की औंढ्याचा जोड काढून टाका, एकच ठेवा. वरिष्ठ पुण्यात होते, त्यांना आमचे जेसीबी ठाऊक नव्हते. मी भाच्याला विचारलं, “औंढा ही बातमी घरात आणताना ती आपल्याच घरातून बाहेर गेलेली आहे हे त्याला कळत नाही का?”

“कसं कळणार? ओएसपीएफच्या घरातून आली की ती ओएसपीएफची झाली. आधीचं काही उरत नाही.”

“शिक्का मारत नाही?”

तो थांबला. मग म्हणाला, “मारता येतो. टॅग म्हणतात त्याला.”

माझ्या आयुष्यात इतका आनंद मला वेतनवाढीनंही झाला नव्हता. हिंगोलीनं आरआयपीची वाट ओएसपीएफमध्ये सोडताना तिच्यावर एक आकडा ठोकायचा, समजा 120. औंढ्याला हुकूम द्यायचा की तुझ्याकडून आरआयपीच्या घरात काही सोडताना शिक्का बघ; 120 दिसला तर ती आपल्याच घरची बातमी आहे, परत घेऊ नको. उलट दिशेला दुसरा आकडा, आणि हिंगोलीलाही हेच हुकूम. ओएसपीएफमध्ये या शिक्क्याला जागा पहिल्यापासून आहे. मूळच्या आरआयपीत मात्र रकानाच नव्हता, तो 1993 साली दुसऱ्या आवृत्तीत आला. म्हणजे 1988 ते 1993 ही पाच वर्षं अमेरिकेतली हुशार माणसं बारनिशीशिवाय कार्यालय चालवत होती. याला धाडस म्हणावं की आणखी काही, वाचकांनी ठरवावं.

शिक्क्यानं लूप सुटला, पण औंढा अजून वसमत-हिंगोलीचा वळसा घेतच होता, कारण यादीत 110 चा मान कायम होता. त्यावर दुसरा उपाय असा की ओएसपीएफच्या स्वतःच्या वाटांना 110 राहू द्यायचा, पण त्याच्याकडं बाहेरून आलेल्या वाटांना उंबऱ्यावरच्या राउटरपुरता 130 द्यायचा. मग सेनगावच्या बाबतीत आरआयपीचा 120 वरचढ ठरतो आणि औंढा सरळ वाटेनं जातो. सिस्कोचाच ईआयजीआरपी नावाचा प्रोटोकॉल हे शहाणपण जन्मापासून घेऊन आला: घरातल्या वाटेला 90, बाहेरून ऐकलेल्या वाटेला 170. घरचं ते घरचं आणि ऐकीव ते ऐकीव, हा भेद ज्याला जन्मतः कळतो तो आमच्याकडं सरपंच होतो.

तिसराही एक उपाय आहे, नावांची यादी: ‘सेनगाव, गोरेगाव ही आपली गावं, यांच्या वाटा बाहेरून कुणी सांगितल्या तर ऐकायच्या नाहीत.’ चांगला आहे, पण नवी शाखा निघाली की यादी बदलायला लागते, आणि याद्या वेळेवर बदलतात यावर माझा विश्वास नाही. मी याद्या पाहिल्या आहेत.

ऐकीव बातमी आपल्या नावावर खपवली की किती अनर्थ होतो याचा मोठा दाखला 25 एप्रिल 1997 चा. इंटरनेटवर मोठमोठी जाळी एकमेकांना वाटा सांगतात ती बीजीपी नावाच्या प्रोटोकॉलनं, आणि त्यात प्रत्येक वाटेबरोबर ती कुणाकुणाच्या हातून आली त्यांच्या क्रमांकांची रांग असते. थेट आपल्या टिपणीवरच्या सह्यांसारखी. रांगेत आपलाच क्रमांक दिसला की वाट नाकारायची. त्या दिवशी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका छोट्या कंपनीच्या राउटरनं, तिचा क्रमांक 7007, बाहेरून शिकलेल्या हजारो वाटांचे बारीक तुकडे केले, सह्यांची रांग पुसली आणि ‘या सगळ्या गावांना माझ्याकडूनच जायचं’ असं जगाला सांगितलं. नेमकी, बारीक वाट सांगणाऱ्याचं आधी ऐकायचं असा तिथला नियम, त्यामुळं इंटरनेटचा मोठा हिस्सा त्या एका दारात जाऊन आदळला. त्यांनी राउटर तोडून बाजूला काढला, तरी वाटा इतरांच्या तोंडी कितीतरी वेळ फिरत होत्या. सांगणारा गप्प बसला, घरात कुलूप लागलं, तरी बातमी चालूच. हे समजायला आम्हाला अमेरिकेची गरज नाही, पण अमेरिकेलाही होतं हे कळून बरं वाटलं.

अमेरिकेवरून आठवलं: औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची प्रयोगशाळा व्हायची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं तिला सुमारे 2,600 कोटींची मंजुरी दिली. अशाच अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी 14 सप्टेंबर 2015 ला पहिली गुरुत्वीय लहर टिपली होती; ती सुमारे 130 कोटी वर्षं प्रवास करून आलेली, दोन कृष्णविवरांच्या धडकेची. वाटेत तिला कुणी पत्ता सांगितला नाही म्हणून ती पोचली, असं माझं मत आहे.

भाच्यानं दोन्ही राउटरवर शिक्के ठोकले, आकडे बदलले. ट्रेसराउटमध्ये सेनगाव दिसलं, तेव्हा मामीनं त्याला शिरा खाऊ घातला. तिला वाटलं परीक्षा पास झाला. जायच्या आधी त्यानं मला एक प्रश्न विचारला, “मामा, कुठलीच वाट माहीत नसली की एकाच दिशेला सगळं पाठवायचं, त्याला आम्ही डीफॉल्ट राउट म्हणतो. तुमच्याकडं असं काही होतं?”

होतं की. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा निघाला. तेव्हापासून ज्या कागदाचा पत्ता लागत नाही तो परभणीला असणार, ही आमची श्रद्धा. आणि परभणीवाल्यांची श्रद्धा अशी की जिल्हा वेगळा झाला म्हणजे तो कागद हिंगोलीला गेला. त्याहून जुना असला तर निजामाच्या काळातला, म्हणजे उर्दूतला. तो सापडला तरी वाचायला कुणीतरी शोधावं लागतं. दोघांचेही डीफॉल्ट राउट एकमेकांकडं रोखलेले असले तर काय होतं, ते भाच्यानं वहीत चित्र काढून दाखवलं. चित्रात फक्त दोन गोल होते. मला ते समजावून घ्यायची गरज पडली नाही.

लोक अजूनही मला रस्त्यात गाठून आठचा उतारा कुठं मिळतो ते विचारतात, म्हणून एकदा छापूनच टाकतो. घराचा नमुना 8 ग्रामपंचायतीत. जमिनीचा 8-अ तलाठ्याकडं, आणि तो महाभूलेखवरही निघतो. यापेक्षा वेगळीकडं कुणी पाठवलं तर निघायच्या आधी त्याला विचारा, “तुम्हाला हे कुणी सांगितलं?” त्यानं ज्याचं नाव सांगितलं त्यालाही हेच विचारा. फिरत फिरत तुमचंच नाव आलं, तर घरी जा.